गुडघ्याचा विमा, हप्ता पंधरा हजार!

सोमवारी सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये जरा खाली नजर टाका. कडक इस्त्रीचा शर्ट, फॉर्मल पँट, गळ्यात आयकार्ड... आणि पायात? लादीपावाची अख्खी लादी तळाला चिकटवल्यासारखे जाडजूड सोलचे शूज! रंग असा की लाइट गेले तरी रस्ता दिसावा. 'काय रे, मॅरेथॉनची तयारी का?' असं विचारून बघा. उत्तर ठरलेलं. 'छे गं, गुडघ्यांसाठी!'

तिशीही न गाठलेली पोरं हल्ली गुडघ्यांबद्दल आजीच्या सुरात बोलतात. आजीकडे तेलाची बाटली असायची, आपल्याकडे 'मॅक्स कुशन' आहे. होकाचा बॉन्डी, असिक्सचा जेल-निंबस, ब्रुक्सचा ग्लिसरिन, न्यू बॅलन्सचा फ्रेश फोम... नावं ऐकून शूज आहेत की फेसवॉश, असा प्रश्न पडावा. किंमत मात्र फेसवॉशची नाही. नवंकोरं मॉडेल घ्यायचं तर पंधरा हजारांच्या आसपास खिसा हलका होतो. दुकानातला मुलगा अंगठ्यानं सोल दाबून दाखवतो. 'बघा मॅडम, कसला सॉफ्ट! जॉइंटवर झटकाच येणार नाही.' आणि आपण निमूट कार्ड पुढे करतो.

थोडक्यात काय, तर हा गुडघ्याचा विमा. पण विमा घेताना आपण बारीक अक्षरातल्या अटी कधी वाचतो का? नाही ना! या वेळी त्या अटीच वाचू या.

झटका म्हणजे नक्की किती?

आधी थोडं गणित. घाबरू नका, बोटांवर होणारं आहे. पळताना आपण क्षणभर पूर्ण हवेत असतो आणि मग सगळा भार एका पायावर येतो. त्या वेळी जमीन पायाला जे ढकलते, ते बळ शरीराच्या वजनाच्या साधारण दोन ते तीन पट असतं. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या एका पावलाला दीड-दोनशे किलोचा भार. मिनिटाला १६० पावलं आणि किलोमीटरला ७ मिनिटं, असा तुमचा आरामशीर वेग धरला, तर एका किलोमीटरला ११२० पावलं होतात. पाच किलोमीटरला ५६००! आकडा बघून गुडघ्याला हात जाणारच.

या भीतीवर शूजवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उत्तरं शोधली. नायकेनं १९८७ साली एअर मॅक्सच्या टाचेत खिडकी काढली आणि आतली हवा चक्क दाखवूनच विकली. २००९ मध्ये दोन फ्रेंच मंडळींनी डोंगरउतारावर पळायला सोपं जावं म्हणून होका काढला, तेव्हा लोकांनी 'जोकरचे बूट' म्हणून खिल्ली उडवली. गंमत म्हणजे त्याच वर्षी ख्रिस्तोफर मॅकडूगलचं 'बॉर्न टू रन' आलं आणि जगभरातले शहरी धावपटू उलट्या दिशेला लागले. कुशन फेका, अनवाणी पळा! पायाच्या पाच बोटांना पाच कप्पे असलेले शूज धडाधड खपले. पण या शूजमुळे पाय मजबूत होतात, दुखापती कमी होतात, या दाव्यांवरून अमेरिकेत व्हायब्रम कंपनीवर खटला झाला आणि २०१४ मध्ये तो साडेसदतीस लाख डॉलर्सची तयारी दाखवून मिटवावा लागला. मग लंबक पुन्हा जाड सोलकडे. २०१९ मध्ये एलियुड किपचोगेनं व्हिएन्नात जाड फोमच्या शूजमध्ये १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर कापलं, आणि पुढच्याच वर्षी वर्ल्ड अॅथलेटिक्सला नियम करावा लागला की रस्त्यावरच्या स्पर्धेत सोलची जाडी ४० मिलिमीटरच्या वर नको. तो नियम स्पर्धेतल्या बड्या मंडळींना. तुम्ही-आम्ही पावाची लादी बांधून पळालो तरी कोण विचारतंय?

फॅशन दहा वर्षांत इकडून तिकडे गेली. गुडघा मात्र होता तोच आहे. मग खरं काय?

भरतीचे दोन अर्थ

मॉलमधल्या ट्रेडमिलवर दोन मिनिटं पळून याचं उत्तर मिळत नाही. म्हणून रिव्ह्यूसाठी आलेला एक जाड सोलवाला जोड बॅगेत टाकला आणि दोन वीकेंड डहाणू-तलासरीत काढले. डहाणूच का? एक तर २०१३ पासून लोकल थेट डहाणू रोडपर्यंत जाते. दुसरं म्हणजे पळायला जितक्या तऱ्हेच्या जमिनी लागतात, तितक्या या दोन तालुक्यांत एका सकाळीत सापडतात. पारनाक्याचा समुद्रकिनारा, सुरूच्या झाडांच्या कडेकडेनं नरपड, चिखले, घोलवड करत बोर्डीला जाणारा डांबरी रस्ता, चिकूच्या वाड्यांमधल्या मातीच्या वाटा. तलासरीच्या बाजूला गेलात की किनाऱ्याचा सपाटपणा संपतो, चढउतार सुरू होतात. आणि तलासरीतून जाणारा मुंबई-अहमदाबाद हायवे, ज्याच्यावर अलीकडे काँक्रीटचा थर चढलाय. (हायवेवर पळू नका. प्लीज. तो फक्त नकाशावर दाखवण्यापुरता.)

इथे 'भरती' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. किनाऱ्यावर पळणारे भरती-ओहोटीची वेळ बघतात, कारण ओहोटीला बोर्डीचा समुद्र पार लांब जातो आणि मागे घट्ट, ओल्या वाळूचं मस्त मैदान सोडून जातो. आणि आत, तलासरीच्या बाजूला पहाटे रस्त्यावर जी मुलं पळताना दिसतात, त्यांच्यासाठी भरती म्हणजे पोलीस भरती. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. पैकीच्या पैकी मार्क हवे असतील तर मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत संपवायचं. किलोमीटरला सव्वातीन मिनिटंसुद्धा नाहीत! आपण व्हॉट्सअॅपवर ज्या वेगाचे स्क्रीनशॉट मिरवतो, त्याच्या दुप्पट.

असाच दहा-बारा जणांचा ग्रुप मला एका आतल्या रस्त्यावर सकाळी साडेसहाला भेटला. कोणाच्या पायात शाळेतले पांढरे कॅनव्हास, कोणाच्या पायात बाजारात हजाराच्या आसपास मिळणारे पातळ सोलचे 'रनिंग'. एका मुलीच्या पायात काहीच नव्हतं. तिचे शूज झाडाखाली पिशवीत होते.

'घालत का नाहीस?'

'ते ग्राउंडच्या दिवशी, ताई. रोज घातले तर तोपर्यंत फाटतील ना.'

ग्राउंड म्हणजे मैदानी चाचणी. तिची नडगी तीन आठवडे दुखत होती. थांबायची तयारी नव्हती, कारण जाहिरात कधीही निघेल आणि वय कोणासाठी थांबत नाही. बोलता बोलता तिची नजर माझ्या पायांकडे गेली. 'हे असले जाड शूज घेतले तर दुखायचं थांबेल का?'

लिफ्टमधल्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न जड आहे. तुमचा गुडघा दुखला तर रविवारची रन चुकते. तिची नडगी गेली तर एक अख्खी भरती जाते. उत्तर द्यायचं तर नीटच द्यायला हवं.

पाय ही स्वतःच एक स्प्रिंग आहे राव!

आपल्याला वाटतं, पाय म्हणजे दांडका आणि शूज म्हणजे त्याखालची गादी. गादी जाड केली की दांडक्याला कमी लागणार. प्रत्यक्षात पाय दांडका नाहीच. घोटा, गुडघा, खुबा, पोटऱ्या, टाचेचा स्नायुबंध असं सगळं मिळून ती एक स्प्रिंग आहे, आणि तीही हुशार. जमीन कडक लागली की ती जरा सैल होते, मऊ लागली की स्वतःला ताठ करते. अमेरिकेत डॅनियल फेरिस आणि क्लेअर फार्ली यांनी नव्वदच्या दशकात हे मोजून दाखवलं. पळणारा माणूस मऊ पृष्ठभागावरून कडक पृष्ठभागावर आला की पाय हा बदल पहिल्याच पावलात करून मोकळा होतो. मेंदूला विचारायला वेळच नाही!

डहाणूत हे अनुभवता येतं. ओल्या वाळूवरून पळत वर रस्त्यावर या. पहिली चार पावलं विचित्र वाटतील असं आपल्याला वाटतं, पण पाय काहीच घडलं नाही अशा थाटात पुढे जातो. म्हणूनच 'काँक्रीट वाईट, डांबर बरं, वाळू बेस्ट' हा सरसकट फंडा तितकासा खरा नाही. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पळालात तर गुडघ्याला बरं वाटेल, पण पोटऱ्या आणि टाचेचा स्नायुबंध दुसऱ्या दिवशी हिशोब मागतील. त्यात किनारा समुद्राकडे उतरता असला, तर एक पाय सतत वर आणि एक खाली. जाताना जितकं पळालात तितकंच उलट येताना पळा, नाहीतर एकच बाजू भरून येते.

आता हाच नियम शूजला लावा. सोल फार मऊ असला की पाय काय करणार? स्वतःला ताठ करणार. फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये नेमकं हेच तपासलं. बारा जणांना एकदा साध्या रनिंग शूजमध्ये आणि एकदा जाड कुशनच्या शूजमध्ये पळवलं. ताशी १० किलोमीटरच्या हळू वेगाला फारसा फरक पडला नाही. ताशी साडेचौदा किलोमीटरला मात्र जाड शूजमध्ये पाय टेकतानाचा झटका कमी होण्याऐवजी दहा टक्क्यांहून जास्त वाढला!

झालं ना डोकं गरम? थांबा, शूज लगेच सेकंडहँडला टाकू नका. गोष्टीला दुसरी बाजू आहे.

मग कुशन फुकट का?

फुकट नाही. लक्झेंबर्गमधल्या टीमनं २०२० मध्ये छापलेला प्रयोग बघा. हौशी धावपटू ८४८. सगळ्यांना दिसायला सेम टू सेम शूज दिले, फरक फक्त सोलच्या मऊपणात. कोणाला कुठला मिळालाय, हे कोणालाच माहीत नाही. सहा महिने पळू दिलं. कडक सोलवाल्यांना दुखापतीचा धोका मऊ सोलवाल्यांच्या दीडपट निघाला. आणि खरी गंमत पुढे आहे. मऊ सोलचा फायदा स्पष्ट दिसला तो हलक्या वजनाच्या लोकांना. वजनदार मंडळींत तो तितकासा दिसला नाही. दुकानात आपल्याला नेमकं उलटं सांगतात ना? 'सर, तुमचं वजन जरा जास्त आहे, तुम्हाला मॅक्स कुशनच लागेल!'

दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की एक गोष्ट कळते. जाड सोल मशिनवर झटका कमी दाखवतो की जास्त, हा एक प्रश्न आणि तुम्हाला दुखापत होते की नाही, हा दुसरा. या दोन्हींची आपण दुकानात खिचडी करतो. मऊ सोल कामाचा आहे, पण मध्यम. 'मऊ चांगला, म्हणून दुप्पट मऊ दुप्पट चांगला' असं कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि सांध्यांना काही झालंच तर शूज भरपाई देतील, अशी अट तर कुठल्याच खोक्यावर छापलेली नाही.

जाता जाता गुडघ्याची भीतीही थोडी कमी करू या. पळून पळून गुडघे झिजतात, हे वाक्य आपण सोसायटीच्या प्रत्येक काकांकडून ऐकलंय. २०१७ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून बघितले, तेव्हा गुडघा आणि खुब्याच्या झिजेचं प्रमाण हौशी धावपटूंमध्ये साडेतीन टक्के निघालं आणि बसून राहणाऱ्यांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त. व्यावसायिक पातळीवर पळणाऱ्यांत ते तेराच्या पुढे होतं, ही गोष्ट वेगळी. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. भार पडला, सुटला, पडला, सुटला, या दाबण्या-सोडण्यातून तिला आजूबाजूच्या द्रवातून पोषण मिळतं. म्हणजे डहाणू-चर्चगेट-डहाणू असा रोज पाच-सहा तासांचा प्रवास आणि मध्ये नऊ तास खुर्ची, हे तुमच्या गुडघ्यांना आठवड्यातल्या तीन हलक्या रनपेक्षा जास्त टेन्शन देत असेल.

अनवाणी पळण्याची रोमँटिक गोष्ट

तलासरीचे फोटो मी परत आल्यावर मित्रांना दाखवले, तर एक जण म्हणाला, 'बघ, ही मुलं अनवाणी पळतात, त्यांचे गुडघे बघ कसे ठणठणीत! आपणच शूजचे लाड करतो.' यार, प्लीज. त्या मुलीची नडगी दुखतेय, हे फोटोत दिसत नाही.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यातली कविता राऊत आठवा. हरसूलजवळचं सावरपाडा तिचं गाव, म्हणून 'सावरपाडा एक्स्प्रेस'. सुरुवातीला ती अनवाणी पळायची. शूज घ्यायला पैसे नव्हते म्हणून. कुठलं पुस्तक वाचून नव्हे! २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १० हजार मीटरचं ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियन गेम्समध्ये सिल्व्हर तिनं मिळवलं, २०१६ मध्ये रिओला मॅरेथॉन पळाली. अबेबे बिकिलाचंही तसंच. १९६० च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन तो अनवाणी जिंकला, कारण मिळालेले शूज पायाला नीट बसेनात. चार वर्षांनी टोकियोत तोच बिकिला शूज घालून पळाला आणि आधीपेक्षा तीन मिनिटं लवकर पोहोचला.

बिकिलाच्या गोष्टीत खरा धडा 'नीट बसेनात' या दोन शब्दांत आहे. कॅनडातले बेनो निग यांनी आयुष्यभर शूज आणि दुखापतींचा अभ्यास केला. २०१५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली कल्पना साधी आहे. तुमचा पाय स्वतःच फिल्टर आहे. जो शूज पळताना सगळ्यात आरामदायी वाटतो, तो निवडा. तळवा ओला करून कागदावर ठसा उमटवायचा, 'तुमचा पाय फ्लॅट आहे' म्हणायचं आणि महागडा 'सपोर्ट' शूज गळ्यात मारायचा, हा दुकानातला प्रकार अमेरिकन लष्कर, हवाई दल आणि मरीन्सच्या भरतीतल्या जवानांवर तपासून झालाय. तळव्याच्या कमानीप्रमाणे शूज दिले म्हणून दुखापती काही कमी झाल्या नाहीत.

तर मग, घ्यायचा कुठला?

चला, आता थेट दुकानात.

पळून बघा, चालून नाही. उभं राहिल्यावर सगळेच फोम ढगासारखे वाटतात. दुकानाबाहेरच्या फुटपाथवर शंभर मीटर पळू देत नसतील तर दुसरं दुकान गाठा. संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगतात. पळतानाचेच मोजे घाला. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.

टाच किती वर आहे, ते विचारा. टाच आणि चवडा यांच्या उंचीतल्या फरकाला 'ड्रॉप' म्हणतात. आठ ते बारा मिलिमीटर असेल तर भार जरा गुडघ्याकडे सरकतो. शून्य ते चार असेल तर पोटऱ्या आणि टाचेच्या स्नायुबंधाकडे. गुडघा कुरकुरत असेल तर कमी ड्रॉपचा विचार करा, टाच दुखत असेल तर उलट. आणि एकातून दुसऱ्यात उडी मारू नका, महिनाभरात हळूहळू जा.

जमीन बघून उंची. बोर्डीच्या सपाट रस्त्यावर किंवा मरीन ड्राइव्हवर जाड सोल झकास. पण तलासरीच्या दगडगोट्यांच्या वाटेवर चार सेंटीमीटर उंचावर उभं राहून पळणं म्हणजे पाटावर उभं राहून झोका घेणं. घोटा मुरगळायला एक खडा पुरतो. तिथे कमी उंचीचा, रुंद तळाचा, पकड असलेला सोल बरा.

वेग बघून मऊपणा. आरामात गप्पा मारत पळणार असाल तर मऊ चालेल. ५ मिनिटं १० सेकंदांचं १६०० मीटर काढायचं असेल तर गादीत पाय रुतवून कसं जमणार? तिथे हलका, मध्यम कुशनचा शूज.

एकापेक्षा दोन. हा माझा फेव्हरेट सल्ला. लक्झेंबर्गच्याच टीमनं २६४ धावपटूंवर २२ आठवडे लक्ष ठेवलं. आलटून-पालटून वेगवेगळे शूज वापरणाऱ्यांना दुखापतीचा धोका ३९ टक्क्यांनी कमी निघाला. पंधरा हजारांच्या एका जोडाऐवजी मधल्या किमतीचे दोन वेगवेगळे जोड घ्या. पायाला रोज तोच मार नको, एवढंच त्यामागचं लॉजिक.

फोमला एक्स्पायरी असते. पाचशे ते आठशे किलोमीटर झाले की फोम दबून जातो, वरून शूज कितीही चकाचक दिसो. आठवड्याला वीस किलोमीटर पळत असाल तर सहा ते नऊ महिने. खरेदीची तारीख सोलवर आतल्या बाजूला पेननं लिहून ठेवा. बीचवर पळून आलात तर गोड्या पाण्यानं धुवा, आत पेपर कोंबा, सावलीत वाळवा. बाइकच्या डिकीत उन्हात ठेवणं बंद.

शूजच्या आधीच्या चार गोष्टी

आणि या फुकट आहेत. पावलं छोटी करा. मिनिटाला पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली तरी गुडघ्यावरचा भार कमी होतो, हे २०११ मध्येच मोजलं गेलंय. म्हणजे १६० वरून १७० वर या, पैसा एक लागत नाही. चार किलो कमी झालात तर साधं चालतानाही गुडघ्यावरून प्रत्येक पावलाला सोळा किलो उतरतात, एकास चार असा तो हिशोब आहे. आठवड्यातून दोनदा उठाबशा आणि पोटऱ्यांचा व्यायाम करा. स्प्रिंगचं सर्व्हिसिंग समजा.

आणि चौथी सगळ्यात महत्त्वाची. २०२५ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी पाच हजारांहून जास्त धावपटूंची घड्याळं तपासून एक भारी गोष्ट काढली. गेल्या तीस दिवसांतली तुमची सगळ्यात लांब रन किती? समजा पाच किलोमीटर. आज त्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त पळालात, म्हणजे साडेपाचच्या पुढे गेलात, की दुखापतीचा धोका चढायला लागतो. एकदम दुपटीच्या वर गेलात तर तो धोकाही दुपटीच्या वर. आता आपलं वागणं बघा. महिनाभर काही नाही, मग ऑफिसच्या टीमबरोबर थेट दहा किलोमीटरची चॅरिटी रन. नवे शूज घालून! दुखलं की शिव्या शूजला.

'थांबेल का?'

त्या मुलीला मी काय सांगितलं? पंधरा हजारांचे शूज नकोत, हे पहिलं. तू हलकी आहेस, दोन-अडीच हजारांत मिळणारा मध्यम मऊ सोल तुला पुरेल. आहेत ते शूजसुद्धा पिशवीतून काढ आणि सरावाला घाल. ज्या शूजमध्ये कधी पळालीच नाहीस, त्यात ग्राउंड कसं देशील? ग्राउंडच्या दिवशी पायाला काहीही नवीन नको. रस्ता सोडून मातीवर पळ. तीन आठवडे दुखतंय म्हणजे आधी दहा-पंधरा दिवस पळणं बंद, हवं तर सायकल मार. आणि बोटानं दाबलं की हाडावर नेमक्या एकाच जागी कळ येत असेल, किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर माझं काही ऐकू नको, सरळ डॉक्टरकडे जा. हाडाला बारीक तडा असू शकतो आणि त्यावर पळालीस तर दहा दिवसांचे तीन महिने होतील.

'पंधरा दिवस?' ती म्हणाली. जणू मी पंधरा हजारच मागितले होते. खरंय. तिच्यासाठी वेळ हीच महाग वस्तू आहे. आपल्यालाही वेळच द्यायचा नसतो, फक्त आपल्याकडे त्याऐवजी कार्ड पुढे करायची सोय आहे.

तेव्हा या शनिवारी जमलं तर डहाणू लोकल पकडा. ओहोटीची वेळ बघून निघा, आहेत तेच शूज घाला, छोट्या पावलांनी तीन किलोमीटर पळा आणि मग किनाऱ्यावर बसून चिकू खा. शूज आवडले म्हणून घ्यायचे असतील तर खुशाल घ्या, पायाला आराम वाटणं हेही काही कमी नाही. फक्त गुडघ्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकून मोकळे होऊ नका.

परवा तिचा मेसेज आला. बारा दिवस थांबली होती, म्हणे. दुखणं कमी आहे, पूर्ण गेलेलं नाही. शूज मात्र आता रोज घालते.